मुलीच्या मापाचा गाऊन

सांगलीत मारुती चौकाजवळ माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, परकर-पोलकी, शिवलेल्या नऊवारी, लग्नसराईत घागरे. तुळशीची लग्नं लागली की मला मान वर करायला फुरसत नसते. मागच्या वर्षी अशा ऐन हंगामाच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका महिला मंडळाच्या बायका दुकानात आल्या. एका नृत्यवर्गाबरोबर मिळून त्यांनी चौदा ते एकोणीस वयाच्या मुलींची सौंदर्यस्पर्धा ठरवली होती. आधी नऊवारीत ओळख, मग कला, मग गाऊन आणि शेवटी प्रश्नोत्तरं. नऊवारी मी शिवाव्यात आणि कार्यक्रमाच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत थांबावं, अशी त्यांची इच्छा होती.

हो म्हणण्याआधी मी फॉर्म बघायला मागितला. नाव, वय, शाळा-कॉलेज, मोबाईल नंबर, उंची, वजन, आणि त्याखाली तीन चौकोन: छाती, कंबर, सीट. मोठ्या स्पर्धांचे फॉर्म बघून कुणीतरी ते तसेच उतरवले होते. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, हा कागद झेरॉक्सच्या दुकानात जाणार, नृत्यवर्गातल्या पोरांच्या हातात जाणार, प्रायोजकांच्या टेबलावर पडणार. पंधरा वर्षांच्या पोरीचं माप आणि तिचा फोन नंबर एकाच कागदावर कशाला? मापं माझ्या वहीत राहतील आणि वही दुकानाबाहेर जाणार नाही. त्यांची स्वतःची मुलगी दहावीत होती. त्यांनी तिथंच पेन काढून ते तीन चौकोन खोडले, वजनाचाही खोडला, आणि फॉर्म नव्यानं छापून घेतले.

छत्तीस-चोवीस-छत्तीस हा आकडा आमच्या पिढीतल्या बायकांनी मासिकांत वाचलाय, सिनेमात ऐकलाय. इतकी वर्षं मी हातात टेप घेऊन उभी आहे, पण माझ्या वहीत तो आकडा एकदाही लिहिलेला नाही. शिवणाऱ्या बाईला तीन आकड्यांनी काही कळतही नाही. शोल्डर, मुंडा, पाठीची रुंदी, पुढचा गळा, मागचा गळा, डार्टची उंची, दंडाचा घेर हे सगळं लागतं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा पाव इंच खाली असणं तर इतकं सर्रास आहे की मी दोन्ही खांदे वेगळे मोजते. कापड कापताना मुलगी जशी आहे तशीच धरावी लागते, नाहीतर कपडा अंगावर बसत नाही.

प्राथमिक निवडीत चौदा मुली घेतल्या. मिरज, तासगाव, पलूस, हरिपूर, एक थेट जतहून. मापं घ्यायला प्रत्येकीबरोबर आई, मावशी, आजी, कुणीतरी घरची बाई हवी असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. दुकानात मागच्या बाजूला पडदा लावून मोजत होते. टेप कमरेला लागला की पोरी पोट आत ओढायच्या, श्वास धरून ठेवायच्या. मी म्हणायचे, "श्वास सोड बाळा, टेपला खोटं सांगून ब्लाउज बसत नाही."

त्याहून जास्त लक्षात राहिली ती त्यांची पाठ. चौदापैकी निम्म्याहून जास्त मुली पोक काढून उभ्या राहत होत्या. दोन्ही खांदे पुढं घेतलेले, छाती लपवलेली, नजर फरशीवर. शिवणाऱ्या बाईला हे लगेच कळतं, कारण पाठीचं माप वाढतं आणि पुढचं कमी भरतं. त्याच मापावर ब्लाउज शिवला तर तो पोक काढल्यावरच नीट बसतो. पोरगी ताठ झाली की पुढून ओढ घेतो, हूक ताणले जातात. मी एकेकीला भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभी करायचे आणि मग मोजायचे. पलूसकडची एक पोरगी भिंतीला टेकली की दोन मिनिटं ताठ राहायची, पुन्हा खांदे पुढं. तिची आई म्हणाली, "मीच सांगितलंय तिला, वाकून चाल म्हणून. स्टँडवर पोरं असत्यात." ती माउली काही चुकीच्या काळजीनं बोलत नव्हती. पण ऐकताना माझ्या पोटात तुटलं.

नऊवारीचं कापड आम्ही कापडपेठेतून घेतलं, काठपदराचं, फार भारी नाही. मुलींना टीव्हीवर दिसते तशी मस्तानी हवी होती. पण कार्यक्रमाची सुरुवात सगळ्यांनी मिळून लेझीम खेळून करायची होती, आणि लेझमीत बसून उठावं लागतं, पाय लांब टाकावा लागतो. घोळदार मस्तानीत ते जमत नाही. म्हणून साधी पेशवाई, काष्टा आवळ, दोन्ही पायांच्या मध्ये मियानी, म्हणजे जादा कापडाचा जोड, घातलेली, कमरेला नाडी आणि वर हूक. मियानी नसली की पहिल्याच बैठकीला शिवण उसवते. दोन्ही बाजूंना एकेक इंच मार्जिन ठेवलं, कारण या वयात दोन महिन्यांतही अंग बदलतं. नऊ वार म्हणून विकलेली साडी कधी कधी हातभर कमी भरते, ते बघून घ्यावं लागतं. मिरजेची मुलगी साडेपाच फुटांच्या वर होती, तिच्यासाठी पूर्ण नऊ वार भरणारी साडी शोधत आम्ही पेठ पालथी घातली.

जतची मुलगी आली ती आजीबरोबर. आजीच्या पिशवीत इरकल होतं. गर्द जांभळं अंग, रुंद काठ आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टोप पदर. जत कर्नाटकाच्या सीमेला, तिकडं इरकल घरोघरी. पोरीला हेच नेसायचं होतं. मी घडी उलगडली तेव्हाच आजी म्हणाल्या, "कापायचं न्हाई हां बाई. माझ्या लग्नातलं हाय." शिवलेल्या नऊवारीला साडी कापावीच लागते. म्हणून ठरलं, हिला शिवायची नाही, नेसवायची. आजींनी माझ्या दुकानात पोरीला उभी करून स्वतः नेसवून दाखवली: कमरेला गच्च गाठ, निऱ्या, काष्टा मागं नेऊन असा खोचला की ओढूनही सुटेना. मी दोन टाचण्या लावायला गेले तर म्हणाल्या, "टाचण्या कशाला? जन्मभर लुगड्यावर भांगलण केली, सुटलं न्हाई कधी." मी नेसवण्यातलं बरंच त्या दुपारी नव्यानं शिकले.

तालमी एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी व्हायच्या. मी कपड्यांच्या निमित्तानं जायचे. पहिल्या दिवशी उंच टाचेच्या सँडलवर सगळ्यांची तारांबळ. तासगावची म्हणाली, "काकू, मी पडतो बघा यात!" नृत्यवर्गाच्या बाईंनी मग अनवाणी चालण्यापासून सुरुवात केली. हनुवटी सरळ, खांदे मागं, नजर समोरच्या भिंतीवर. हे रोज होत होतं आणि रोज थोडं थोडं बदलत होतं. ब्लाउजच्या ट्रायलला मुली पुन्हा दुकानात आल्या तेव्हा पलूसच्या मुलीचा ब्लाउज पाठीत ढिला झाला होता. मी पुन्हा मोजलं. पाठ अर्धा इंच कमी, पुढचं माप तेवढंच वाढलेलं. पोरगी बारीक झाली नव्हती, ताठ झाली होती. पाठीतला अर्धा इंच मी आत घेतला आणि पुढून मार्जिन सोडलं. शिवण उसवताना एवढा आनंद मला क्वचित झालाय. सौंदर्यस्पर्धा लहान मुलींसाठी चांगली की वाईट, असं मला बायका विचारतात तेव्हा मी या अर्ध्या इंचाबद्दल सांगते.

दुसऱ्या एका मुलीचा ब्लाउजही ढिला झाला होता, पण तो सगळीकडूनच. कमरेत, दंडात, मुंड्यात. मध्ये एका शनिवारी-रविवारी पुण्याहून ग्रूमिंग शिकवायला एक बाई आल्या होत्या. त्यांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तू दोन किलो उतरव." पोरगी सकाळी लिंबू-मध पाणी, दुपारी काकडी आणि रात्री काहीच नाही, अशी चालली होती. घरी सांगायची मैत्रिणीकडं जेवले, मैत्रिणीला सांगायची घरी जेवणार आहे. मला ब्लाउज बघून कळलं. त्याच आठवड्यात तालमीत तिला चक्कर आली आणि ती खाली बसली.

माझी धाकटी जाऊ आशा सेविका आहे. तिला मी तालमीला बोलावून घेतलं. तिनं मुलींना गोल करून बसवलं आणि सरळ सांगितलं की २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. म्हणजे तुम्ही चौदाजणी इथं बसलाय, त्यांतल्या आठजणी तशा असू शकतात, आणि तुम्ही जेवण सोडायला निघालाय. पाळी सुरू झालेल्या वाढत्या मुलीला लोह लागतं, भाकरी-भाजी-उसळ लागते, गूळ-शेंगदाणे लागतात. दमायला होतं, धाप लागते, केस गळतात, ते यामुळं. मुली गप्प ऐकत होत्या. मग एकीनं विचारलं, "पण मावशी, गाऊन बसला नाही तर?"

तिथं मला खरं मूळ सापडलं. गाऊन भाड्यानं येणार होते, बाहेरच्या शहरातल्या एका कपडेवाल्याकडून, स्मॉल-मीडियम-लार्ज अशा तीन मापांत. फोटो दाखवून प्रत्येकीला एकेक नेमून दिला होता. म्हणजे कपडा आधी ठरला आणि पोरीनं त्यात मावायचं, असं झालं होतं. वीस वर्षांच्या मॉडेलच्या मापाचा गाऊन पंधरा वर्षांच्या मुलीला बसला नाही, तर दोष गाऊनचा. तिचं अंग अजून घडतंय. मी मंडळाच्या बैठकीत हे बोलले, आवाज चढला असेल माझा. म्हटलं, वजनाविषयी यापुढं एकीलाही कुणी काही बोलायचं नाही, आणि गाऊन आले की आधी माझ्याकडं द्या. कपडा मुलीच्या मापाचा करायचं माझ्यावर सोडा. ग्रूमिंगच्या बाईंना पुन्हा बोलावलं नाही. जेवायचं सोडलेल्या मुलीच्या आईला मी आणि जाऊ दोघी घरी जाऊन भेटलो. पुढं तालमीच्या आधी सगळ्यांना चिक्की आणि केळी द्यायची पद्धत मंडळानं सुरू केली.

त्याच बैठकीत आणखी एक विषय निघाला. कार्यक्रम आधुनिक वाटावा म्हणून 'स्पोर्ट्स वेअर' अशी एक फेरी घालायची सूचना होती, आखूड चड्डी आणि बनियनसारखा टॉप. आमच्याबरोबर ज्युनिअर कॉलेजच्या एक मराठीच्या बाई होत्या, त्या परीक्षक म्हणून येणार होत्या. त्या म्हणाल्या, मिस वर्ल्डनं स्वतःच्या स्पर्धेतली स्विमसूटची फेरी २०१४ नंतर बंद केली, आणि आपण सांगलीत शाळकरी मुलींसाठी तसलंच काही कशाला आणायचं? विषय तिथंच मिटला. लेझीम आणि नाच बघून पोरींच्या अंगात किती ताकद आहे ते लोकांना दिसणारच होतं.

गाऊन आले. पोत्यातून काढल्यासारखे चुरगळलेले, काहींच्या चेन तुटलेल्या, निम्मे बिनखांद्याचे. वरून अट, की कापायचे नाहीत, डाग पडला तर अनामत परत नाही. मी सगळं कच्च्या टाक्यांवर केलं. बिनखांद्याच्या गाऊनना नेटचं योक आणि बाह्या आतून टाचल्या, पाठीत जादा कापड घालून बंद लावले, अस्तर नव्हतं तिथं अस्तर घातलं. कार्यक्रमानंतर टाके ओढले की गाऊन जसाच्या तसा. उंची घेताना मुलींना सँडल घालूनच उभं केलं. हे फार महत्त्वाचं. अनवाणी घेतलेल्या उंचीवर गाऊन बेतला तर टाचेवर तो आखूड दिसतो. आणि पुढून जमिनीपासून इंचभर वर नसेल तर चालताना पायात येतो. एका मुलीच्या वडिलांचा गाऊनला विरोध होता. मी त्यांना दुकानात बोलावलं. त्यांनी कापड हातात धरून उजेडात बघितलं, अस्तर आहे का विचारलं, गळा किती ते विचारलं. मग म्हणाले, "एवढं असेल तर माझी ना नाही."

एका मुलीला भाड्याचे पैसे आणि अनामत झेपणारी नव्हती. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलाईचं काम करतात. तिची आई राणी रंगाची क्रेपची साडी घेऊन आली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. "यातनं हुईल काय काही?" पोरगी मान खाली घालून उभी होती, बाकीच्यांचे चमकणारे गाऊन बघून आलेली.

मी कापता कापता तिला सुष्मिता सेनची गोष्ट सांगितली. १९९४ साली मिस इंडियाच्या अंतिम फेरीत तिनं घातलेला गाऊन कुणा नामवंत डिझायनरचा नव्हता. तिनं स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून कापड आणलं, घराजवळच्या पेटीकोट शिवणाऱ्या टेलरकडून गाऊन शिवून घेतला, उरलेल्या कापडाचं तिच्या आईनं फूल केलं, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांतून कापून केले. त्या गाऊनवर ती मिस इंडिया झाली, आणि त्याच वर्षी मनिलामध्ये मिस युनिव्हर्स झालेली पहिली भारतीय. तो टेलर माझ्याच धंद्यातला. त्याचं नाव लोकांना माहीत नाही, पण मला त्याचा फार अभिमान वाटतो. त्यानं त्या मुलीला नीट मोजलं असणार.

साडेपाच मीटरच्या साडीत सहा कळ्यांचा गाऊन आरामात होतो. कळ्यांच्या खालच्या गोलाईला काठ लागत नाही, म्हणून काठ कमरेच्या पट्टीला आणि गळ्याला लावला, पदराच्या बाह्या केल्या. त्या मुलीचा रंग सावळा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तू फिकट रंगच घाल. राणी रंगात ती अशी दिसली की दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या दोघी बायका थांबून बघत राहिल्या. मेकअप करणाऱ्या बाई विश्रामबागच्या होत्या, समजूतदार. त्यांना मी मुद्दाम तो गाऊन दाखवला आणि म्हटलं, चेहऱ्याला तिच्याच रंगाचा बेस लावा, मान आणि हात वेगळे दिसायला नकोत. त्यांनी सगळ्यांनाच तसा लावला.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. भावे नाट्यमंदिरासारखं सभागृह बजेटात बसत नव्हतं. कपडे बदलायला वधूपक्षाची खोली. दाराला आतून चादर लावली, दारात जावेला खुर्ची टाकून बसवलं. आत मोबाईल आणायचा नाही, आईंनीसुद्धा नाही. फोटोवाला दोनदा आला आणि "फक्त तयारीचे दोन फोटो" म्हणाला; जावेनं दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. अशा स्पर्धा घेणाऱ्यांनी दुसरं काही करू नये एक वेळ, पण एवढं करावंच.

आत प्रत्येकीच्या नावाची पिशवी, त्यात कपडे घालायच्या क्रमानं रचलेले, हूक तपासलेले, सुई-दोरा माझ्या गळ्यात. लेझीम झाली आणि एकाही पेशवाईची शिवण उसवली नाही. जतच्या मुलीला इरकल नेसवायला बाकीच्यांच्या तिप्पट वेळ लागणार, म्हणून तिचा क्रमांक ओळखीत सगळ्यात शेवटी घ्यायला मी आधीच सांगून ठेवलं होतं. आजी स्वतः आत येऊन नेसवत होत्या, बाहेर टाळ्या पडत होत्या, आणि पोरगी म्हणत होती, "आज्जी, घाई कर की." आजी एक निरी पुन्हा सोडून पुन्हा घालत होत्या.

ओळखीत काय बोलायचं हे कॉलेजच्या बाईंनी मुलींवरच सोडलं होतं. आधी त्यांना पाठ करायला इंग्रजी ओळी दिलेल्या होत्या, सगळ्यांना सारख्याच. त्या बाजूला ठेवल्या. पलूसकडची मुलगी म्हणाली, मी बालगंधर्वांच्या नागठाण्याच्या तालुक्यातली, पुरुष असून त्यांनी नऊवारी अशी नेसली की महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्याकडं बघून नेसायला शिकल्या. पाठ ताठ, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. तिची आई माझ्या शेजारी विंगेत उभी होती, तिनं माझा हात घट्ट धरला. मार्केट यार्डची मुलगी हळदीविषयी बोलली: राजापुरी हळद कशी ओळखायची, हळकुंड मोडून आतला रंग कसा बघायचा, सौदे कसे होतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हेही तिनं सांगितलं, आणि मग म्हणाली, "त्या पोत्यांचं वजन माझे पप्पा करतात." मागच्या रांगेतून कुणी दोन पोरांनी शिट्ट्या मारल्या होत्या. अध्यक्षबाईंनी संगीत थांबवून त्यांना बाहेर काढलं आणि मगच पुढची मुलगी आली.

कलेच्या फेरीत मिरजेच्या मुलीनं सतार वाजवली. मिरजेत सतारी बनतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण सोळा वर्षांची मुलगी इतकी शांत बसून वाजवते हे बघायला मिळत नाही. दोघी नाचल्या, एकीनं पोवाडा म्हटला, एकीनं कराटे दाखवले. गाऊनच्या फेरीत माझा जीव स्टेजच्या जोडावर अडकला होता. पाट्या जोडून वर गालिचा घातलेला, त्या फटीत टाच अडकते. आम्ही जोडावर पांढरी चिकटपट्टी लावली होती, पोरी ती ओलांडून पाय टाकत होत्या. राणी रंगाचा गाऊन आला तेव्हा मी विंगेतून डोळे भरून बघितला.

प्रश्नोत्तरांत पहिल्या तिघींना आदर्श कोण विचारलं आणि तिघींनीही स्मृती मानधना सांगितलं. माधवनगरची, आपली. मग परीक्षकांनी प्रश्न बदलले. हरिपूरच्या मुलीला विचारलं, गावातली एक गोष्ट बदलायची तर काय बदलशील?

ती म्हणाली, "२०१९ च्या पुरात मी चौथीत होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या आजीला नावेतनं काढलं. मोठी माणसं रात्रभर फूट मोजत बसतात, पण आपल्या दारात पाणी कितव्या फुटाला येतं हे लहान मुलांना, नव्यानं राहायला आलेल्या माणसांना माहीत नसतं. मला वाटतं, प्रत्येक गल्लीच्या तोंडाला भिंतीवर एक पट्टी रंगवावी आणि त्यावर आकडा लिहावा. म्हणजे पाणी तेवढ्याला यायच्या आत दप्तर, औषधं, म्हशी सगळं हलवता येईल."

सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात पुराचं पाणी शिरून गेलेलं होतं. माझ्या दुकानात मशिनी बुडल्या होत्या. क्षणभर कुणी काही बोललं नाही, आणि मग ज्या टाळ्या पडल्या त्या थांबेनात. परीक्षकांच्या गुणांच्या कागदावर त्या उत्तराला किती गुण होते मला माहीत नाही. माझ्या लेखी ती त्या रात्रीची सगळ्यात सुंदर मुलगी होती, आणि हा शब्द मी पूर्ण अर्थानं वापरतेय.

मुकुट मिरजेच्या मुलीला मिळाला, तो तिनं कमावला होता. हरिपूरची दुसरी आली, तासगावची तिसरी. बाकीच्यांसाठी छोटी बक्षिसं होती: उत्तम आवाज, उत्तम चाल, उत्तम संवाद. एका प्रायोजकाला 'उजळ त्वचा' असं बक्षीस द्यायचं होतं. ते मंडळानं आधीच नाकारलं होतं, त्या पैशातून सगळ्या मुलींची हिमोग्लोबिनची तपासणी झाली. मार्केट यार्डच्या मुलीला स्टेजवर काही मिळालं नाही. खोलीत येऊन ती रडली, आईच्या मांडीत तोंड घालून, बराच वेळ. मी तिला समजावायला गेले नाही. हरल्यावर रडू येतंच, आणि ते येऊ द्यावं. आठवड्यानं ती दुकानात आली, गाऊनचा घेर थोडा कमी करून मावशीच्या लग्नात घालता येईल का विचारायला. घेर कमी करायची गरज नव्हती, नुसती उंची कमी केली, कारण लग्नात ती सपाट चप्पल घालणार होती.

जेवण सोडलेल्या मुलीच्या तपासणीत रक्त बरंच कमी निघालं. आता ती गोळ्या घेते, जाऊ दर महिन्याला तिच्याकडं चक्कर मारते. पलूसची एसटीनं कॉलेजला जाते, तिच्या आईनं परवा फोनवर सांगितलं की ती आता खिडकीजवळच्या सीटसाठी कंडक्टरशीसुद्धा भांडते.

यंदाचे फॉर्म दिवाळीनंतर निघणार आहेत. भाड्याचे गाऊन बंद केलेत. घरातली एखादी साडी आणायची, त्यातून गाऊन शिवायचा असं मंडळानं मान्य केलंय, आणि शिवायला माझ्याबरोबर आणखी दोघीजणी तयार झाल्या आहेत. मापं माझ्याच दुकानात, दुपारी दोननंतर. मुलीबरोबर घरची बाई हवी, घालणार ती सँडल पिशवीत आणावी, आणि जेवून यावं.